शिखर, सर!

आमच्या बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या वर, एक फोटो आहे. त्यात माझा नवरा बर्फाच्या शिखरावर कमरेवर हात ठेवून उभा आहे. मी त्या फोटोत नाही. मी तेव्हा बरीच खाली, तंबूच्या मागे ओकत होते. भिंगरी पोटात आली होती आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. "तू पड जरा, मी जाऊन येतो पटकन," असं म्हणून तो कोपऱ्यावरून दूध आणावं तसा शिखरावर जाऊन आला.

तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी फोटोकडे बघतो, मग माझ्याकडे. "आणि तुम्ही?"

मला एकदा तिथे उभं राहायचं होतं. बस. कमरेवर हातसुद्धा नको.

"जाशील गं," सासूबाई म्हणायच्या, "डोंगर काय पळून जातोय?" नवरा तेच म्हणायचा. शेजारीण तेच म्हणायची. लस टोचणाऱ्या नर्सने भिंगरीच्या दंडावर कापूस दाबत तेच ऐकवलं, "होऊ दे हिला मोठी. डोंगर काही पळून जात नाही."

आता भिंगरीबद्दल थोडं. आमचं स्वयंपाकघर म्हणजे एक बोळ. ओट्याशी एक माणूस उभं राहिलं की दुसऱ्याला फ्रीज उघडता येत नाही. त्यामुळे घरात दिवसभर एकच शब्द चालतो. सर. जरा सर. अरे सर, दूध उतू चाललंय! बाकीच्यांची लेकरं पहिल्यांदा आई म्हणतात, बाबा म्हणतात. आमची "सर" म्हणाली, अगदी ठसठशीत, आणि मांजर सरलं. मग बाप सरला. मग खुर्ची सरली, पण ती मी सरकवली होती. झोपेत ती अंथरुणात आडवी होते, माझ्या बरगडीत पाय रोवते आणि डोळे न उघडता म्हणते, "सर." मी सरते. पार कडेला, काठावर ठेवलेल्या वाटीसारखी. तिचा श्वास लांब झाला की हळूच परत येते आणि तिच्या मानेखाली हात घालते. तिला वाटत असेल, आई जागची हललीच नाही.

तर या वर्षी निघालो एकदाचे. भिंगरी माझ्या पाठीवर, सामान नवऱ्याच्या, पुढे वाटाड्या. वाटाड्या चांगला माणूस, पण तो नवऱ्याला "सर" म्हणायचा. "सर, इथून नदी दिसते." नवरा सवयीने बाजूला व्हायचा. "सर, पलीकडे दरी आहे!" नवरा आणखी सरला. वाटाड्याने त्याला पिशवीच्या पट्ट्याला धरून मागे ओढलं आणि तेव्हापासून "दादा" म्हणायला लागला.

झाडं संपली, मग गवत संपलं, मग बोलणंही संपलं. शेवटी आम्ही खिंडीत पोचलो आणि समोर ते दिसलं. फोटोतल्यापेक्षा मोठं होतं. मध्ये नवरा नव्हता ना.

"तू जा," नवरा म्हणाला. "या वेळी तंबू माझा."

मी पाठ त्याच्याकडे केली. त्याने भिंगरीला खाली उतरवलं, तिची टोपी सारखी केली आणि उत्साहाने टाळ्या वाजवत म्हणाला, "आज आई काय करणार? शिखर सर! म्हण बघू मोठ्याने. शिखर..."

भिंगरीने वर पाहिलं. शिखर सगळं आभाळ अडवून बसलं होतं. तिने एक हात उंच केला.

"शिखर, सर!"

शिखर सरलं.

गुडघ्यावर हात टेकून म्हातारं माणूस उठतं तसा आधी एक हुंकार आला. मग ते बर्फासकट, कड्यांसकट डाव्या अंगाला सरकलं. टोकावरचा ढग गोंधळून जागीच राहिला आणि मग घाईने मागे गेला. शिखर होतं तिथे सपाट, फिकट जमीन उघडी पडली. कपाट हलवल्यावर मागे दिसते तशी. आणि कपाटामागे सापडतं तसंच सगळं तिथे पडलं होतं. एक कंगवा, दोन बटणं, कुणाची तरी शिट्टी.

"अरेच्चा!" नवरा ओरडला. "माझा तेव्हाचा हातमोजा!"

वाटाड्याच्या हातात चहाच्या थर्मासचं झाकण तसंच राहिलं. "सगळे शिखर सर केलं, सर केलं म्हणतात," तो पुटपुटला. "तोंडावर सर असं कुणी म्हटलं नव्हतं. बिचारं तयारच बसलं असणार."

मी धावले. त्या सपाटीवरून शिखराच्या दिशेने धावत सुटले. भिंगरीला वाटलं खेळ आहे. ती हसत मागे आली आणि ओरडली, "सर!" शिखर आणखी सरलं. मी थांबले तसं तेही थांबलं, जरा ओशाळल्यासारखं.

"ये," नवरा त्याला म्हणाला. "ये बाबा, ये परत."

शिखर ढिम्म.

"ये कसं कळणार त्याला?" वाटाड्या म्हणाला. "आजवर सगळे त्याच्याकडेच गेलेत. ये कुणी म्हटलंय का?"

नवरा माझ्याजवळ आला. सापडलेला हातमोजा त्याने उगीचच झटकला. "ऐक ना, पुढच्या वर्षी येऊ. डोंगर काही पळून..." आणि त्याने शिखराकडे पाहिलं.

मी तिथेच मांडी घालून बसले. रडणार नव्हते, पण नाकातून पाणी यायला लागलं, थंडीमुळे म्हणा. नवऱ्याला माझं रडणं बघवत नाही. अशा वेळी तो काहीतरी दुरुस्त करायला जातो.

"आम्ही मागून ढकलून बघतो," तो म्हणाला आणि खरंच वाटाड्याला घेऊन लांबचा वळसा घालून शिखराच्या मागे गेला.

भिंगरी माझ्या मांडीवर येऊन पडली. धावून दमली होती. मी तिच्या टोपीत बोटं घालून थोपटत राहिले. तिचे डोळे मिटले, उघडले, मिटले. मूठ सैल पडली. श्वास लांब झाला.

आणि मला ते जाणवलं. शिखर परत येत होतं.

अगदी हळू, आवाज न करता. मी जशी येते तसं. एखादा दगड कुरकुरला की थांबायचं, भिंगरी हलली नाही ना ते बघायचं, मग वीतभर पुढे. ते आमच्या खाली आलं, मानेखाली हात घालावा तसं, आणि त्याने आम्हाला उचललं. खिंड खाली गेली. मोठाले कडे मांडणीवरच्या डब्यांसारखे झाले. मग हलणं थांबलं.

मी शिखरावर होते! बसलेली.

खालून नवऱ्याचा आवाज आला, मुंगी बोलावी एवढा. "ढकललं! अगं, आम्ही ढकललं! उभी राहा, फोटो काढतो!"

मी ओठांवर बोट ठेवलं. उभी कशी राहणार? आधी हिला खाली ठेवायला हवं, आणि ठेवली की ही उठणार. सगळ्या पर्वतरांगा माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

"उभी राहा ना!"

मी मान हलवली. राहू दे. बसूनही दिसतं तेवढंच. तिच्या गालावर बर्फाचा एक कण पडला. मी फुंकर घातली. तो विरघळला आणि भिंगरीने डोळे उघडले.

ती उठून बसली. दूरवर कुठेतरी, माझ्या मागे, ऊन आलं होतं. तिला ते बघायचं होतं आणि मी मध्ये होते.

"आई," ती म्हणाली, "सर."

माझ्या खाली काहीतरी हललं.

"तू नाही रे," मी शिखराला म्हटलं. "मला म्हणतेय."

ते थांबलं. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शिखराचं टोक आमच्या ओट्यापेक्षाही अरुंद. सरायला कुठेच जागा नव्हती.

म्हणून मी उभी राहिले.