उघड्या डोळ्यांची प्रार्थना

विद्यापीठाची प्रार्थनेची खोली ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला होती. पूर्वी तिथे नकाशे ठेवत, म्हणून खिडक्या उंचावर आणि उजेड कमी. ख्रिस्ती विद्यार्थ्यांची आमची मंडळी बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी तिथे जमायची. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स, शिवाय ‘माझं अजून ठरायचंय’ म्हणणारे दोघे. या सगळ्यांना सांभाळायला विद्यापीठाने पाळकबाई नेमल्या होत्या. दारातून आत आलेल्या कुणालाही आपण इथे पाहुणे आहोत असं वाटता कामा नये, एवढाच त्यांचा आग्रह असे. खुर्च्या आणि दिवे माझ्याकडे होते. मी प्रकाशशास्त्रात संशोधन करत होते, आणि बाईंच्या मते त्याचा कुणाला तरी उपयोग व्हायला हवा होता.

त्या सत्रात खारूताई आली. आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, जन्मापासून बहिरी. हात इतके चपळ की हे नाव आपोआप पडलं. तिनेही ते खुशीत स्वीकारलं, वर हातानेच झुपकेदार शेपटी हलवून दाखवली. सोबत तिचा मामेभाऊ यायचा. तो कॉमर्सला होता. ती खुणांनी बोलली की तो ते आम्हाला बोलून सांगे, आणि आमचं बोलणं खुणांनी तिच्यापर्यंत पोचवे.

एकदा तिने बाईंना विचारलं, “पुढच्या रविवारी आई येणार आहे. त्या दिवशी प्रार्थना मी केली तर चालेल?”

“चालेल काय, आवडेल,” बाई म्हणाल्या.

“हिची आईपण बहिरी आहे,” मामेभावाने स्वतःकडून भर घातली. “आत्या वर्षानुवर्षं चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली. समोर दिसायच्या त्या लोकांच्या पाठी. मग जाणंच सोडलं. हिच्या आग्रहाखातर एकदाच येतेय. नाही पटलं तर पुन्हा या विषयावर बोलायचं नाही, असं ठरलंय दोघींचं.”

खारूताईने त्याला कोपराने ढोसलं. एवढं सगळं सांगायला तिने सांगितलं नव्हतं.

रविवारच्या आधी, बुधवारीच, रंगीत तालीम करू या असं ठरलं. मी मनापासून तयारीला लागले. रांगा मोडून खुर्च्या गोलात मांडल्या, म्हणजे प्रत्येकाला तिचे हात दिसतील. मागच्या भिंतीवर गडद पडदा लावला, कारण फिकट भिंतीपुढे बोटं नीट उठून दिसत नव्हती. प्रयोगशाळेतून एक उभा दिवा मागून आणला आणि सावली तिच्या चेहऱ्यावर पडणार नाही अशा कोनात वळवला.

“हे काय, ऑपरेशन आहे का कुणाचं?” आजोबांनी विचारलं.

आजोबा म्हणजे इतिहासात पीएचडी करणारा, माझ्याच वयाचा मुलगा. मफलर, खोकला आणि ‘आमच्याकडे असं नव्हतं’ या तीन गोष्टींमुळे तो आजोबा झाला होता. उपासनेत काहीही बदललं की त्याच्या पोटात दुखायचं.

“तुम्ही बसा आजोबा, गुडघे दुखतील,” मी म्हणाले.

स्तोत्र झालं, वाचन झालं. पाळकबाई म्हणाल्या, “आता आपण प्रार्थना करू या.” खारूताई पडद्यापुढे उभी राहिली. मामेभाऊ शेजारी बसून तिच्याकडे बघत बोलू लागला, “हे प्रभू, या खोलीबद्दल तुझे आभार…”

दोन-तीन वाक्यं झाली आणि आवाज थांबला. शांतता पसरली. ती लांबत गेली. किती छान विसावा देतेय ही, असं मला वाटलं. मग दिव्याचा कोन आठवला आणि मी एक डोळा किलकिला केला.

सगळ्यांची डोकी खाली होती. डोळे घट्ट मिटलेले, हात जोडलेले. बाईंचेसुद्धा. आणि खारूताईचे हात हवेत तसेच अर्धवट थांबले होते. ती एकेका चेहऱ्याकडे पाहत होती. तिने हात खाली घेतले, पिशवी उचलली आणि निघून गेली. मामेभाऊ पाय न वाजवता तिच्या मागे गेला.

थोड्या वेळाने बाई हळूच म्हणाल्या, “आमेन.”

“आमेन,” सगळे म्हणाले. आजोबांनी डोळे उघडून समाधानाने सुस्कारा सोडला. “फार सुंदर शांतता होती. हे मात्र जमलं हं.”

मग त्याला रिकामी जागा दिसली.

दोघं मला बाहेर पायऱ्यांवर सापडली. तिचे हात भराभर चालले होते आणि मामेभाऊ खाली बघत सांगत होता.

“ती म्हणतेय, तुमच्याकडे कुणी बोलायला लागलं की सगळे कानांत बोटं घालतात का?”

मी तिच्यासमोर एक पायरी खाली उतरले.

“म्हणतेय, दिवा लावलास, पडदा लावलास, कुणासाठी? आईला रविवारी काय दाखवू? पापण्या?”

“आम्ही तुझा आवाज ऐकत होतो,” मी म्हणाले.

खारूताईने भावाकडे बोट दाखवलं. त्याने भाषांतर केलं, “तो याचा आवाज. माझा इथे असतो.” आणि तिने दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले.

मी आत येऊन सांगितलं तेव्हा बाई खुर्चीत बसल्या. “दीक्षा घेताना इतका अभ्यास केला,” त्या म्हणाल्या, “पण डोळे का मिटायचे, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.”

“मन भटकू नये म्हणून,” आजोबा म्हणाला. “लहानपणी उघडले तर आजी टपली मारायची.”

“आणि मिटले की भटकत नाही?”

आजोबांनी मफलर सारखा केला. “आज मी जेवायला काय असेल याचा विचार करत होतो,” त्याने कबूल केलं.

रविवारी प्रार्थना डोळे उघडे ठेवून करायची, असं ठरलं. बाईंनी पायऱ्यांवर जाऊन खारूताईला स्वतः सांगितलं आणि माफी मागितली. तिने पिशवी खांद्यावर घेतली. मग भावामार्फत उत्तर दिलं, “बघू.”

रविवारी तिची आई आली. उंच, करड्या केसांची, अंगात लांब कोट. गोलात जागा राखली होती, तरी दाराजवळची खुर्ची धरून, पर्स मांडीवर घेऊन बसली. कोट काढला नाही.

बाईंनी सगळ्यांना आठवण करून दिली. “आज डोळे उघडे. नजर खारूताईच्या हातांवर. तर मग, आपण प्रार्थना करू या.”

तो शब्द निघायचा अवकाश, डोकी खाली गेली. बाईंचीसुद्धा मान झुकली आणि डोळे मिटले. मी दाराकडे पाहिलं. आईने पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला होता.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. आजोबांनी जमिनीवर पाय आपटला होता. त्याचे डोळे ताणून उघडलेले, लालबुंद, पाण्याने भरलेले. बहुधा पापणीही लवू द्यायची नाही असं ठरवून आला होता. “डोळे!” तो ओरडला. “बाई, तुम्हीसुद्धा!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई कानापर्यंत लाल झाल्या. मग सगळ्यांनी माना वर केल्या आणि खारूताईने सुरुवात केली.

तिने खोलीबद्दल आभार मानले, परीक्षेत नापास झालेल्या मैत्रिणीसाठी धीर मागितला, ग्रंथालयाच्या झाडूवाल्या काकांच्या पाठदुखीसाठी आराम मागितला. नुसतं बघत राहणं सुरुवातीला अवघड गेलं. काही वेळाने माझं भावाच्या आवाजाकडे लक्ष कमी झालं. ‘धीर’ म्हणताना तिची मूठ छातीशी कशी थांबते ते मला दिसत होतं. शेवटी तिने तळवे जुळवले. आम्हीही जुळवले.

ती बसणार, इतक्यात दाराजवळची खुर्ची सरकली. आई गोलात आली. मुलीच्या शेजारी उभी राहून तिने सगळ्यांकडे एक नजर फिरवली. कुणी मान खाली घातली नव्हती. तिने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि हात उचलले.

मामेभाऊ गडबडून सावरून बसला. “हे प्रभू,” तो म्हणाला, “खूप दिवसांनी बोलतेय, तेव्हा जरा वेळ लागेल.” मग आमच्याकडे वळून कुजबुजला, “खरंच लागेल हं. आत्या फार बोलते.”

ती मुलीपेक्षा उंच होती. दिव्याचा उजेड तिच्या कोपरांपर्यंतच पोचत होता. मी उठले आणि दिवा वर वळवला.