ऑलिव्ह हिरवी भिंत

संचिताने स्टुलावर चढून भिंतीला बोट टेकवलं, बोट उलटसुलट करून पाहिलं आणि ओरडलीच, "सुकली! राघोदादा, सुकली!"

"सुकणारच. दुसरा हात काल सकाळी मारलाय," राघो पेंटर कडेची चिकटपट्टी सोडवत म्हणाला. "पण ताई, एवढा गडद रंग आपल्या कोपर भागात कुणी लावून घेतला नव्हता माझ्याकडून. सगळ्यांना क्रीम नाहीतर पांढरा."

हे ऐकून तर ती आणखीच फुलली. गडद ऑलिव्ह हिरवा! गेले तीन आठवडे तिला दुसरं काही सुचत नव्हतं. शेड कार्ड उशाशी घेऊन झोपायचीच काय ती बाकी राहिली होती. तिने पितळी समई भिंतीपुढे चार ठिकाणी ठेवून पाहिली, पडदा बदलला, पुन्हा जुना लावला.

नवऱ्याने, संदेशने, मात्र सकाळी मान तिरकी करून विचारलं होतं, "भारी आहे, पण शेणासारखी नाही का वाटत?" लगेच आईला आणायला कल्याणच्या एसटी स्टँडवर जायचं होतं, म्हणून वाचला.

त्याची आई, बायजाबाई, ओतूरहून येत होती. दोन वर्षांपूर्वी ही भिंत पांढरी होती. बायजाबाईंनी खाली बसून, भिंतीला डोकं टेकून नातीला, सान्वीला, गोष्टी सांगितल्या आणि त्या उठल्यावर मागे खोबरेल तेलाचा गोल डाग राहिला. संचिताने तो त्यांच्यादेखत साबणाने घासला. बोलली काहीच नाही, पण घासणं बोलायचं ते बोलून गेलं. तेव्हापासून बायजाबाई आल्या की प्लास्टिकची खुर्ची मधोमध ओढून ताठ बसायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या. नातीला गोष्ट अर्धवटच मिळायची. संचिताला त्या साबणाची अजून लाज वाटत होती. यावेळी त्या राहायला हव्या होत्या.

"राघोदादा, तेल लागलं तर दिसणार नाही ना?"

"किती वेळा विचाराल? नाही दिसणार."

राघो गेला आणि थोड्याच वेळात बेल वाजली. बायजाबाईंनी पिशवी ठेवली, सवयीने खुर्ची ओढली आणि भिंतीकडे बघत थांबल्या.

"भित सारवलीस व्हय गं?"

संदेशने हसू लपवायला तोंड फिरवलं. शेड कार्ड, फोनमधले फोटो, रंगाचं ते इंग्रजी नाव, सगळं संचिताच्या ओठांवर आलं होतं.

"हो आई," ती म्हणाली. "सारवली."

बायजाबाईंनी तळव्याने भिंत चाचपली. "आपली पडवी वली असली की आक्षी अशीच दिसायची."

त्यांनी खुर्ची परत कोपऱ्यात सरकवली आणि पाय पसरून खाली बसल्या. पाठ भिंतीला टेकली. डोकं मात्र बोटभर पुढेच राहिलं.

ते बोटभर अंतर संचिताने पाहिलं. ती आत जाऊन खोबरेलाची बाटली घेऊन आली.

"आई, अंबाडा सोडा. तेल लावून देते."

"अगं, भितीला लागंल."

"लागू द्या," संचिता म्हणाली आणि तिने तळहातावर भरपूर तेल ओतलं.