मी उघाडीची झडप आणि कमळाकरचं ‘आलोच’

मी एक जुनी झडप आहे. नाक मुरडू नका हां, मित्रांनो! आमच्या पेणच्या खाडीकाठी शेतं वाचवायला मातीचा लांबच लांब बांध असतो. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्या बांधात एक दगडी मोरी ठेवतात, तिला म्हणतात उघाडी. तिच्या तोंडावर खाडीच्या बाजूने लटकणारी सागवानी फळी म्हणजे मी! ओहोटीला शेतातलं पाणी मला ढकलून बाहेर जायचं आणि भरती आली की खाडीच मला धाडकन बंद करायची. स्वतःच्याच तोंडावर दार! मला भारी मजा यायची.

नाथा सुताराने मला घडवलं तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. गावाने नारळ फोडला आणि प्रत्येक घराने पाळीपाळीने माझ्याभोवतीचा गाळ काढायचं कबूल केलं. आणि पाळलंही! एकदा तर अंगाला हळद लागलेला नवरदेव आला. म्हातारे त्याला चिडवत होते, "आधी खाडी, मग बायको!"

पुढे पोरं रोह्याच्या कंपन्यांत लागली. शिफ्ट आली, गाडी आली, मोबाइल आला. सगळ्यांच्या पाळ्या हळूहळू धोंडुबाईच्या गळ्यात पडल्या, कारण तिचं खाचर मला अगदी लागून. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. त्या एका खाचराच्या भातावर तिचं वर्ष निघायचं. ती चिखलात उतरून माझ्या कडा हाताने पुसायची. पोरं ओरडायची, "खाडीची मोलकरीण!"

एका श्रावणात तिच्या दिराच्या मुलाने, कमळाकरने, माझ्याखाली जाड दांडकं अडकवलं. मी उघडी राहिले तर भरतीबरोबर जिताडा माशाची पिल्लं आत त्याच्या तळ्यात येणार होती.

"अरे, आज अमावास्येचं उधाण हाय! माझं भात मरंल," धोंडुबाई म्हणाली.

"भरतीच्या आधी काढतो गो काकी. शब्द देतो!" आणि गाडीला किक मारून गेला.

दुपारी पाणी चढू लागलं. धोंडुबाईने दांडकं ओढलं, पण ते हलेना. कसं हलणार? खाडी मला जेवढी लोटत होती, तेवढी मीच त्याला घट्ट दाबत होते. तिने फोन लावला.

"आलोच काकी! वडखळ नाक्यावर हाय."

शेजारच्या खाचरातून महिपतीने हाक दिली, "वयनी, येऊ काय? दोघं मिळून ओढू."

"नको रे, कमळाकर येतोय. त्याने शब्द दिलाय."

महिपती घरी जेवायला गेला. मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाचं कोण ऐकतं?

पुन्हा फोन. "आलोच!" त्यानंतर फोन नुसताच वाजत राहिला.

खारं पाणी भातात शिरलं. रोपं गळ्यापर्यंत बुडाली तेव्हा धोंडुबाई वेड्यासारखी पाण्यात उतरली. सगळं अंग टाकून तिने दांडकं उपसलं, आणि मी आपटले. तिच्या हातावर. जो हात मला पुसायचा, त्याचीच दोन बोटं मी चिरडली.

आठवड्यात रोपं तांबडी पडली. जमिनीत मीठ बसलं.

देवळात बैठक भरली. कमळाकर रोह्यात मित्राकडे मॅच बघत बसला होता, हे त्यानेच हसत सांगितलं. वर म्हणाला, "आलोच म्हटलं होतं, किती वाजता ते कुठे म्हटलं होतं?" सगळी बैठक खदखदा हसली. मग कोणीतरी विचारलं, "पण काकी, पाळी तुझीच होती ना?"

हाताला फडकं बांधलेली धोंडुबाई म्हणाली, "व्हय. माझीच होती."

आता उघाडीला लोखंडी झडप आहे. मी कमळाकरच्या तळ्यावर पडलेय. माझ्यावर जिताडी कापतात. आणि कापते कोण? धोंडुबाई! खाचर पडीक, मग पोट भरायला मजुरी त्याच्याचकडे. उरलेल्या बोटांनी तिला सुरी नीट धरता येत नाही, म्हणून घाव माशावर कमी आणि माझ्यावरच जास्त बसतात. बसू देत.

मित्रांनो, माझी कीव करू नका. फक्त एक करा. जमणार नसेल तर तोंड उघडून ‘नाय जमत’ म्हणा! येतो म्हणून न येणारा माणूस दुसऱ्यालाही येऊ देत नाही. कमळाकर सकाळीच ‘नाय’ म्हणाला असता, तर काय झालं असतं? महिपती थोडा उशिरा जेवला असता. एवढंच.