अंगारा कडू का?

केनवडच्या माळावर दर गुरुवारी जीपा भरभरून माणसं उतरत. धुनीपुढं मांडी ठोकून हरीओमबाबा अंगारा वाटायचा. "डॉक्टर रोग पाह्यते, मी पाप पाह्यतो! दोन दिवस चाटा, ताप पळालाच म्हून समजा!" आणि ताप खरंच पळायचा. मग गर्दी का होणार नाही?

भाजीपाला पिकवणाऱ्या ललिताबाईंनी सुनेला, तनुजाला, पाच महिन्यांत चारदा तो अंगारा चाटवला. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप. अंगारा घेतला की उतार. पाचव्यांदा मात्र ताप हटेना. तनुजा बरळू लागली, तेव्हा तिला वाशीमच्या दवाखान्यात आणलं.

तिथल्या प्रयोगशाळेत सुकेशनी तपासनीस होती. दोन दिवस भारी इंजेक्शनं देऊनही ताप हलेना, म्हणून ती पुन्हा रक्त घ्यायला वॉर्डात आली. ललिताबाईंनी नुकतीच तनुजाची लघवीची पिशवी रिकामी केली होती. त्याच हातानं त्यांनी अंगाऱ्याची पुडी सोडली, चिमूटभर सुनेच्या जिभेवर ठेवली आणि शेजारच्या खाटेवरच्या तान्ह्या बाळाच्या ओठांकडे बोट नेलं.

सुकेशनीनं झडप घालून मनगट धरलं. "मावशी, थांबा!"

"काहून वं? देवाचा अंगारा हाय!"

"आधी साबणानं हात धुवा. सुनेचे जंतू या लेकराच्या पोटात गेले, तर कोण जबाबदार?"

ललिताबाई पुटपुटत नळाकडे गेल्या. तेवढ्यात तनुजा क्षीण आवाजात म्हणाली, "कडू हाय... लय कडू."

सुकेशनी चमकली. राख कडू कशी? तिनं पुडी उचलली.

प्रयोगशाळेत तिनं दोन काचेच्या बशा घेतल्या. एकीत तपासणीसाठी ठेवलेले साधे जंतू, दुसरीत तनुजाच्या लघवीतून वाढवलेले. दोन्हींवर अंगारा ठेवला. सकाळी पाहते तो काय, पहिल्या बशीत अंगाऱ्याभोवती जंतू मरून रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ पडलेलं. दुसरीत जंतू थेट अंगाऱ्याला भिडलेले!

तिनं ललिताबाईंना काचेआडून दोन्ही बशा दाखवल्या. "मावशी, यात जंतू मारायच्या गोळ्या कुटून घातल्या हायेत. म्हून ताप जाये. पण चिमूटभर औषधानं कमजोर जंतू मेले, चिवट तेवढे उरले अन् वाढले. आता नेहमीची औषधं त्यायले लागूच पडत नाईत."

"मंग माही सून?"

"एक औषध उरलं हाय," सुकेशनी म्हणाली. "तेही लागू पडलं, तरच."

तनुजाला वेगळ्या खोलीत हलवलं. आत जाणारा प्रत्येकजण हात धुऊन जाई, हात धुऊन बाहेर येई. तीन दिवस ललिताबाईंनी दार सोडलं नाही. चौथ्या दिवशी तनुजा म्हणाली, "आत्याबाई, भूक लागली."

त्या गुरुवारी ललिताबाई माळावर गेल्या. सोबत सुकेशनी आणि तिनं कळवल्यावरून आलेले औषध निरीक्षक. बाबा गरजला, "बाई, तुया श्रद्धेत खोट हाय!"

"श्रद्धा माही होती, महाराज. गोळ्या तुमच्या होत्या."

निरीक्षकांनी धुनीमागचं पोतं उपसलं. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग आणि पांढरा पडलेला खलबत्ता!

रामकिसन नावाचा म्हातारा चाचरत म्हणाला, "पण मले तं गुण आला होता ना?"

"औषधानं आला, काका," सुकेशनी म्हणाली. "पण कोणत्या रोगाले कोणतं औषध अन् किती दिवस, हे तपासल्याबिगर समजत नाई. अर्धवट घेतलं, तं रोगच शिरजोर होते. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी इचारा, यात टाकलं काय हाय?"

पुढच्या रांगेत तापानं फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन एक बाई बसली होती. ललिताबाईंनी तिचा हात धरला.

"ऊठ बाई. दवाखान्यात चाल. मी येतो तुयासंग."