चौदा अक्षरांचा रकाना

मला काढून टाकलं, तर ऑफिसात नव्याने आलेल्या प्रोग्रामर ताईची दर चिठ्ठीमागे चौदा अक्षरं वाचणार होती आणि वर साहेबांची शाबासकी मिळणार होती. शाबासकीचा मोह कोणाला सुटतो?

मित्रांनो, मी चिठ्ठीतला एक जुना रकाना आहे. माझं नाव ‘प्रकार’. आमच्या पार्सल कंपनीत दुकानांतले संगणक गोदामाच्या संगणकाला चिठ्ठ्या पाठवतात. त्या चिठ्ठ्यांच्या लिखाणाला जेसन म्हणतात. गोदामातला जावा भाषेतला प्रोग्राम त्या वाचतो आणि आपल्या स्मृतीत पार्सल उभं करतो. ‘पार्सल’ हा मूळ वर्ग, म्हणजे बाप. ‘नाजूक’ आणि ‘थंड’ ही त्याची लेकरं, म्हणजे उपवर्ग. बापाकडे फक्त पत्ता आणि वजन. थंडकडे त्याशिवाय तापमान. चिठ्ठीतून कोणतं लेकरू घडवायचं, हे मी सांगायचो.

मला घडवलं ते ऑफिसातल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामरने. सगळे त्यांना आजोबाच म्हणत. “पोरांना नावाने हाक मारावी, तोंडावळ्यावरून ओळखायला जाऊ नये,” असं ते म्हणायचे. निवृत्त होताना ते माझ्याकडे पाहून हसले. नऊ वर्षांत माझं कौतुक झालं ते एवढंच.

मग ताईने मला काढलं. प्रोग्राम लगेच अडून बसला. कोणाला घडवू?

“किती रे नखरे तुझे!” ताई पडद्याला म्हणाली. “प्रकार नसेल तर साधं पार्सल धर. अनोळखी रकाना दिसला तर सोडून दे.”

तो बिचारा हुकमाचा ताबेदार. मी जुन्या प्रतींच्या ढिगात पडून होतो. पुढची हकिगत मला मागाहून कळली.

दुसऱ्या दिवशी थंडची चिठ्ठी आली. प्रोग्रामने बापच उभा केला. बापाकडे तापमान ठेवायला जागाच नव्हती, ते गळून पडलं. कुठे हूं की चूं नाही. मागोमाग पेटी आली. तिच्यात चाळीस तान्ह्या बाळांच्या लसी होत्या. प्रोग्रामने छापलेला कागद म्हणाला, साधं पार्सल, उन्हाच्या खिडकीखाली ठेवा. गोदामातल्या मावशीने पेटी उचलली आणि थेट फोन लावला.

“अगं ताई, पेटी बर्फासारखी गार आणि तुझा कागद म्हणतो साधी! कागदाला ताप आलाय का?”

“मावशी, संगणक चुकत नाही हो.”

“मग तू चुकलीस. असल्या कागदावर थंड खोलीचं दार उघडत नाही. मी लसी आपल्या जेवणाच्या फ्रिजमध्ये ठेवते.”

“अहो, त्यात सगळ्यांचे डबे आहेत!”

“काढते बाहेर आणि ठेवते खिडकीखाली. डब्यांना कुठे सुई टोचून घ्यायचीय?”

ताईने मूळ चिठ्ठी उघडून पाहिली. दुपारपर्यंत तिने मला माझ्या जागी बसवलं आणि आपले दोन्ही हुकूम पुसले. चिठ्ठी पुन्हा मागवली, नवा कागद छापला आणि लसी थंड खोलीत गेल्या. बाळांना वेळेवर सुया टोचल्या आणि त्यांनी भोकाड पसरून पोच दिली.

मित्रांनो, मुकाट्याने राबणाऱ्याला काढण्याआधी एकदा विचारा, बाबा रे, तू काय सांगत होतास? आणि त्याच्यावाचून कोणी अडून बसला, तर त्याचं तोंड दाबू नका.

ताईची शाबासकी हुकली. बाळांचं काहीच गेलं नाही. चौदा अक्षरांपायी उन्हात आंबले ते चौदा डबे, आणि त्यांतला पहिला मावशीचा.