गोट्याखालचा कागद

माझ्या टेबलावरचा काळा गोटा वडगावातल्या सगळ्या विणकरांना ठाऊक आहे. साडीच्या काठाचा नक्षा पुरा झाला की मी तो कागद गोट्याखाली ठेवायचो. ज्याचा असेल त्याने यावं, न विचारता न्यावा, त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडून ते मागाला लावावेत. गोट्याखालचं ते पक्कं, बाकी सगळं कच्चं.

पक्षाघातात माझा उजवा हात गेला आणि गोट्याखाली काही उरलं नाही. शेजारच्या भरमाने लेकीच्या साखरपुड्याच्या साडीसाठी नक्षा मागितला, तेव्हा मी "बघू" म्हणालो. जमणार नाही असं म्हणायला जीभ रेटेना. एकदा तसं म्हटलं की नक्षेवाला रघुवीर संपला, हे मला कळत होतं.

डाव्या हाताने मोर काढायला गेलो तर कोंबडी झाली. कागद फाडले, विनाकारण बायकोवर, यशोदावर, खेकसलो. मग नुसता चाळा म्हणून आलेखाच्या कागदावरच्या चौकटी भरायला लागलो. चौकट भरताना हात थरथरला तरी चालतं. हळूहळू जुन्या व्हिडिओ गेममध्ये असायची तशी चौकोनी माणसं तयार झाली, पण थाट माझ्या तरुणपणचा. बेलबॉटम घातलेला, शिट्टी फुंकणारा बस कंडक्टर. कानापर्यंत कल्ले वाढवलेला कॅरमवाला. आणि भला मोठा अंबाडा घालून, गॉगल लावून ऐटीत चाललेली एक बाई, तिचं नाव मी विमला ठेवलं. ही माणसं जगात कुठे नव्हती, माझीच होती. हाताला वळण लागावं म्हणून काढायचो आणि खरं सांगायचं तर मजा यायची.

"माझ्यापरास लई नटवी दिसतीया ही," यशोदा विमलाकडे बघून म्हणाली.

विमला पुरी झाली त्या शुक्रवारी दिवसभर वीज नव्हती. घरात घाम निघत होता, म्हणून मी मागच्या अंगणातच बसून राहिलो. दुसऱ्या दिवसापासून अर्धवट राहिलेल्या कंडक्टरच्या चौकटी भरायला लागलो. बऱ्याच दिवसांनी विमलाचा कागद शोधला, तर सापडेना.

"भरमा घेऊन गेला असंल," यशोदा म्हणाली. "त्या शुक्रवारी आलता. पंख्यानं कागद उडत हुता, म्हणून मी गोट्याखाली ठेवलता."

माझं टाळकंच सरकलं. काठी टेकत भरमाच्या घरी गेलो आणि दारातूनच ओरडलो, "भरमा, माग थांबीव! त्यो कागद कच्चा हाय!"

भरमा गोंधळला. "अण्णा, गोट्याखाली हुता की वो! नवी फॅशन असंल म्हटलं. दिपाली तर लई खूश हाय."

कापड मागावर पालथं विणतात, खरी बाजू खाली असते. भरमाने खालून आरसा धरला. मी वाकून पाहिलं. लाल काठावर एकीमागून एक विमला चालल्या होत्या. गॉगल लावून, मान ताठ करून. गॉगलची एक चौकट माझ्याकडून भरायची राहिली होती, ती प्रत्येकीच्या डोळ्यावर तशीच उतरली होती. माझ्या डाव्या हाताचं काम मागावर चढलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्याची लेक दिपाली आतून आली. "काका, पदर अजून विणायचाय. तेच्यावर त्यो शिट्टीवाला पायजे मला. काकू म्हणाल्या, तुम्ही काढाय लागलाय म्हणून. देशीला न्हवं?"

"बघू" ओठांवर आलं होतं.

"देतो," मी म्हणालो.

घरी येईपर्यंत डोक्यात प्रकाश पडला. यशोदा भाकरी थापत होती.

"त्या शुक्रवारी पंखा कुठनं फिरला गं? दिवसभर करंट न्हवता."

"मग वारं सुटलं असंल," ती म्हणाली. वर मात्र बघितलं नाही.

मी कंडक्टरचा कागद पुढे ओढला. टोपीच्या राहिलेल्या चौकटी भरल्या. मग डाव्या हाताने गोटा उचलला आणि त्या कागदावर ठेवला.