कार्डावरची पाच नावं

खट्! ट्रंकेची कडी निघाली आणि दुपारची निजलेली खोली दचकली. मनूने कूस बदलली, अंगठा पुन्हा तोंडात गेला. मी श्वास रोखून बसले. रेशनकार्ड तळाशी होतं, सासूबाईंच्या ठेवणीतल्या लुगड्याखाली.

"काय शोधतंस गो?" भिंतीकडे तोंड करून पडलेले अप्पा बोलले. माझे सासरे झोपेतसुद्धा ती ट्रंक राखतात.

"कार्ड, अप्पा. फीमाफीच्या अर्जाला."

उद्या संध्याकाळपर्यंत उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता. लग्नानंतर सात वर्षांनी मला बी.एड.ला जागा मिळालेली. माझा नवरा पुष्कर परळच्या एका लॅबसाठी रक्ताचे नमुने गोळा करत फिरतो. त्याच्या पगारावर दाखला मर्यादेत सहज बसला असता. पण सकाळी दाखल्याच्या खिडकीवरच्या बाईंनी कार्डाची झेरॉक्स पाहिली आणि पेन खाली ठेवलं.

"दीर बँकेत ना? मग त्यांचाही पगार धरायचा. मर्यादेबाहेर जाताय तुम्ही."

"अहो, ते पाच वर्षं बदलापूरला राहतात!"

"मग नाव इथे कशाला?"

आता त्यांना काय सांगू? आमच्या काळाचौकीच्या चाळीत माणूस जातो, नाव जात नाही. उद्या बिल्डिंग पाडून नवी उभी केली, तर खोलीत आपलाही वाटा आहे हे दाखवायला काहीतरी नको? शेजारच्या शेवंतीमावशींचा दुबईतला मुलगा तर कार्डावर अजून इथली साखर खातो.

बाहेर येऊन हितेंद्रभावोजींना फोन लावला होता. ते हसले.

"माझं काढायचं? मग वहिनी, तुमचंच काढा ना. तिघांचं नवीन कार्ड करा."

मागे जाऊबाईंची कुजबुज ऐकू येत होती. पुष्करला विचारलं, तर "तू म्हणशील तसं." म्हणजे चुकलं तर माझंच.

हे सगळं मी अप्पांना सांगत होते आणि सांगता सांगता उगाच मनूचा फ्रॉक घडी करत होते, मोडत होते, परत घडी करत होते. कार्ड अप्पांच्या नावाचं. त्यांची सही नसेल तर काहीच हलणार नव्हतं.

अप्पा उठून बसले. "म्हणजे तुमची तिघांची नावा कार्डावरसून जातली?"

"फक्त कागदावरून, अप्पा."

"कागदारच तर खोली आसा गो."

बाहेर कुणीतरी बादली आपटली.

"माफी नाय मिळाली तर?"

"तर नाही शिकायचं. एवढी फी कुठून भरणार?"

त्यांनी कार्ड हातात घेऊन पाचही नावांवरून बोट फिरवलं. मग खुंटीवरचा सदरा ओढला. "पोराक उठव. ऑफिस बंद करतीत मेले."

मनूला कडेवर घेऊन मी जवळजवळ पळतच निघाले. अप्पांचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं, तरी मी वळून वळून "चला ना" म्हणत होते. रेशन ऑफिसात आमच्या पुढे अकरा माणसं. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघतच राहिले.

शेवटी नंबर आला. अप्पांनी सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली. कारकुनाने लाल पेन उचललं.

"पुष्कर. अपेक्षा. मनू." तीन रेघा. "ही पावती दाखवा, दाखल्याचं काम होईल."

पावती मी मुठीत धरली. एवढ्या घाईने मिळवलेली, तरी आनंद व्हायचा राहूनच गेला. मनूने कार्ड ओढून घेतलं. नुकती अक्षरं लागायला लागलीयत, दिसेल ते वाचते.

"हे अप्पांचं. हि... तें... द्र. काका!" बोट खाली सरकलं, लाल रेघेवर थांबलं. "इथे मी होते ना?"

"हो, सोन्या."

अप्पांनी तिच्या हातून कार्ड हळूच घेतलं, पिशवीत घातलं, आमच्याकडे न बघता.

"मग आई, आता आपण अप्पांकडे पाहुणे का?"